लोकरीचा टप

आमच्या मोटारीला टप कसल्या कापडाचा घालायचा यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नात मुलीबद्दल झाली नाही. मुलगी एका दुपारी ठरली. टपाचं कापड ठरता ठरता दिवाळी गेली, संक्रांत आली आणि सुगी दारात येऊन उभी राहिली.

ही हकिगत मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. लग्नाच्या पंगतीत, कचेरीत, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर वेळ जात नसेल तर तिथंसुद्धा. लोक हसतात, मीही हसतो, आणि हसणं ओसरायच्या आत विषय बदलतो. माझी बायको म्हणते, "तुमची ही गोष्ट नेहमी मध्येच तुटते." तुटते एवढं तिला कळलंय. पुढं काय आहे ते मी तिलाही सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटली. राहिलेलं लिहून टाकतो.

आमचं गाव डिंगोरे. घर जमीनजुमल्याचं. वडील गेल्यावर कारभार थोरल्या भावाकडं, म्हणजे दादाकडं आला. कारभार आला तशी लोकल बोर्डावर निवडून जायची इच्छाही आली. दादाचं म्हणणं असं, की बैलगाडीतून मतं मागायला गेलं तर लोक बैलांकडं बघतात. म्हणून त्यानं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एक जुनी उघडी मोटार घेतली. उघडी म्हणजे तिचा टप हवा तेव्हा ओढून घ्यायचा, नको तेव्हा मागं दुमडून ठेवायचा. निदान पूर्वी तसं होत असावं. आमच्या अंगणात आली तेव्हा टपाच्या नुसत्या लोखंडी कमानी उरल्या होत्या आणि त्यांना उंदरांनी शिल्लक ठेवलेल्या चिंध्या लोंबत होत्या. पारावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मालकांनी सांगाडा तर आणला. मोटार मागनं येती वाटतं."

गाडी हाकणार मी. पुण्याला कॉलेजात दोनदा नापास होऊन मी परत आलो होतो. तिथं एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडं गाडी हाकायला शिकलो, तेवढंच काय ते माझं उच्च शिक्षण. दादा चारचौघांत मला "आमचे इंजिनियर" म्हणायचा. त्याच्या ताटातलं खात असल्यामुळं मी हसायचो.

वेशीबाहेरच्या वस्तीत माझा एक मित्र होता. चौथीपर्यंत आम्ही एका शाळेत. एका वर्गात म्हणवत नाही, कारण तो दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसायचा. गणितं त्याची आधी सुटायची. मग तो पाटी हळूच माझ्याकडं वळवून धरायचा आणि मी लांबून उतरवून घ्यायचो. पाटी शिवायची नाही, पण तिच्यावरचं उत्तर चालायचं. मोठेपणी तो वस्तीत पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि त्याच्या शब्दावर तिथली सगळी मतं हलायची. लोकांसमोर तो मला "धाकले मालक" म्हणे. मळ्यात दोघंच असलो की "गड्या".

दादानं त्याला बोलावलं. तो ओट्याखाली उभा राहिला, दादा ओट्यावर बसला. दादा म्हणाला, "तुमची मतं मला पाहिजेत."

"देऊ की," तो म्हणाला. "पन माझं एक मागनं हाय. वैशाखात माझं लगीन हाय. मारुतीच्या दर्शनाला मला मोटारीतनं न्यायचं. येशीतनं, पेठंतनं. टप उघडा ठिवून."

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून, वाजतगाजत, पेठेतून मारुतीच्या देवळात जातो. वस्तीतले नवरदेव मात्र नदीकडच्या वाटेनं जायचे आणि वेशीबाहेरच्या एका दगडाला हात जोडून माघारी फिरायचे. देवळं सगळ्यांना उघडी झाल्याचा कायदा होऊन काही वर्षं लोटली होती. कायद्याला आमच्या गावचा रस्ता सापडला नव्हता, इतकंच.

दादा थोडा वेळ मिशीला हात लावून बसला. मग मोठ्यानं, आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शब्द दिला. मोटार तुझ्या लग्नाला जाईल." मतांसाठी दादा त्या घडीला चंद्रही देऊन बसला असता.

अडचण आईची होती. काशीहून आल्यापासून आईनं सोवळं कडक धरलं होतं. मोटारीतून संकष्टीला ओझरला आणि लेण्याद्रीला जायचं तिनं मनात घेतलं होतं. पण ज्या गाडीत दादा गावोगावचे मतदार बसवणार, वस्तीतलेही बसवणार, त्याच गाडीत ती बसणार कशी? दादाला आईही पाहिजे होती आणि मतंही. पत्रा धुता येतो, पण कापडाचं काय करायचं, असा प्रश्न आला. अशा रीतीनं टपाच्या कापडात धर्म शिरला.

टप शिवायला जुन्नरचा एक मुसलमान कारागीर ठरला. त्याला आम्ही चाचा म्हणायचो. जन्मभर त्यानं टांग्यांचे टप शिवले होते. एस.टी. सुरू झाल्यापासून टांगे कमी झाले, म्हणून त्याच्या हाताला विश्रांती आणि तोंडाला काम होतं. मोटारीचा टप त्यानं कधी शिवलेला नव्हता. तरी एका नवाबाच्या मोटारीचा टप आपण शिवला असं तो छातीवर हात ठेवून सांगे. नवाब कुठला ते दर खेपेला बदलायचं.

पहिली आली ताडपत्री. मंचरच्या कांदा-बटाट्याच्या अडतीत ताडपत्र्यांचे ढीग असत. त्यातली एक आणून आम्ही कमानींवर टाकून बघितली. मोटार अगदी झाकलेल्या कांद्याच्या ढिगासारखी दिसायला लागली. रस्त्यानं जाणारा गाडीवान थांबून म्हणाला, "मालक, काय भाव काढला?" आईनं दारातूनच निकाल दिला, "जिच्याखाली बाजारचे हमाल निजतात, ती माझ्या डोक्यावर नको."

मग दादा पुण्याहून लष्करी तंबूचं कापड घेऊन आला. कापड जाड, मातकट हिरवं, दहा वर्षं हलणार नाही असं. आईनं विचारलं, "कुणाचे तंबू हे?"

"गोऱ्या सोल्जरांचे. ते गेले विलायतेला."

"ते गेले. ज्याच्याखाली बसून गाई खाल्ल्या ते इथंच राहिलं ना?"

दादानं ते कापड गोठ्यावर घातलं. गाईंनी काही हरकत घेतली नाही.

नारायणगावच्या एका तमाशाच्या फडाची जुनी राहुटी विकायला निघाली होती. चाचाला ते कापड फार आवडलं. या खेपेला आई काही बोलायच्या आत दादाच नको म्हणाला. "मी मतं मागायला जाऊन उभा राहीन आणि लोक विचारतील, खेळ किती वाजता सुरू होतो?" गावातल्या तरण्या पोरांना मात्र या निर्णयाचं फार वाईट वाटलं.

शेवटी चाचानं रेक्झिनचा तुकडा आणला. काळा, चकचकीत. आई म्हणाली, "हे चामडं आहे." चाचा म्हणाला, "चामडं न्हाई आईसाब, कापडच हाय, वरनं रंग हाय." आईची खात्री पटावी म्हणून त्यानं काडी ओढून तुकडा जाळून दाखवला. असा काही घाण वास सुटला की आईनं पदर नाकाला लावला आणि सगळं अंगण गोमूत्र शिंपडून घेतलं. चामडं नाही हे सिद्ध झालं, पण चामडं बरं होतं असं सगळ्यांचं मत पडलं.

एवढं झाल्यावर भटजीबुवांना विचारायचं ठरलं. भटजीबुवांना स्वतःला मोटारीतून ओझरला जायचं होतं, हे मला मागाहून समजलं. ते पाटावर बसले, दूध प्याले आणि म्हणाले, "लोकर शुद्ध असते. लोकरीला विटाळ लागत नाही. बैठकीवर लोकर घाला, डोक्यावर लोकर घाला. मग आत कोण बसून गेलं याचा विचार करायचं कारण नाही. मात्र लोकर कोरडी पाहिजे. ओली झाली की तिचा गुण गेला. वाळेपर्यंत ती सुतासारखीच."

दादाचा चेहरा उजळला. आईची देवळं आणि त्याची मतं एकाच घोंगड्यात मावत होती.

चाचाला मी ही बातमी सांगितली तेव्हा तो हातातली सुई खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. "मोटारीला घोंगडं? मग भाऊ, हॉर्नच्या जागी एक मेंढरू बांधा."

"होईल का नाही ते सांगा चाचा."

"न होयला काय झालं? माझ्या नवाबानं तर शालीचा टप मागितला व्हता." आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "घोंगडं चिंचोक्याच्या खळीत कडक केलेलं असतं. ते दुमडत न्हाई, मोडतं. टप मागं पाडायचा तर दोघं लागतील. तुमी आन तुमचं पुण्य."

त्याच संध्याकाळी मळ्यात मी मित्राला सांगितलं. तो बांधावर बसून पोट धरून हसला. "म्हंजी आमी मोटारीत बसलो तरी बसलोच न्हाई, आसं व्हय?"

"तसंच."

"आन मत? ते दिलं म्हनून धरायचं, का तेबी लोकरीनं पुसून निघतं?"

मी म्हटलं, "मत धरणार. त्यासाठीच तर चाललंय हे."

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "आसू दे गड्या. कापड कशाचं का आसना. मोटार येशीतनं गेली म्हंजी झालं. माज्या बापानं पेठ आतनं कदी बगितली न्हाई. त्यो म्होरं बसंल, मी मागं. तू हाकशील."

मी "हो" म्हणालो. म्हणताना मनापासून म्हणालो होतो, हे मला अजूनही खरं वाटतं.

टप तयार झाला. काळी घोंगडी एकीला एक जोडून, कडेनं पांढरी किनार. मोटार लांबून बघितली तर धनगर बसकण मारून बसल्यासारखी दिसे. वास असा, की आळेफाट्याच्या बाजूला एकदा मेंढरांचा कळप आमच्या मागं चालू लागला आणि मेंढपाळाला शिव्या देत त्याच्यामागं पळावं लागलं. चाचानं पेल्याभर पाणी टपावर शिंपडलं. खळीवरून थेंब मोत्यांसारखे घरंगळले. सगळ्यांनी माना डोलावल्या. यापेक्षा जास्त पाण्यानं कुणी परीक्षा घेतली नाही, आणि सगळे दिवस कोरडे होते.

निवडणुकीच्या दिवशी मी दिवसभर मतदार वाहिले. पार घाटघरच्या बाजूला रस्ता संपेल तिथपर्यंत गेलो. ज्यांना आमच्या ओट्यावर चढायची मनाई होती ते आमच्या मोटारीत मांडीला मांडी लावून बसले, आणि वर घोंगडं असल्यामुळं कुणाचं काही बिघडलं नाही. वस्तीतल्या एका म्हातारीनं वर हात लावून टप चाचपला. तिला कुणीतरी लोकरीची गंमत सांगितली होती.

"घोंगडं तर माज्या घरात जल्मापास्नं हाय," ती म्हणाली. "त्याच्यावरच निजते. म्हंजी आमी रोजच सुद व्हतो व्हय? कुनी बोललं न्हाई ते."

गाडीतले सगळे हसले. मी आरशातून बघितलं. ती हसत नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना सांगतो. दादा निवडून आला, आई ओझरला जाऊन आली, भटजीबुवाही जाऊन आले, असं म्हणून थांबतो.

वैशाख लागला. मित्राच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी दाढी करायला बसलो होतो. न्हावी साबण लावता लावता म्हणाला, "धाकले मालक, उद्या तुमीच डायवर म्हनं?"

"हो."

"मंग खाली उतरून दार उघडावं लागंल नवरदेवाला." वस्तरा हवेतच ठेवून तो भोवतीच्या मंडळींकडं वळला. "घोडंवाल्याला टावेल-टोपी मिळती. तशी यांनाबी मिळंल. घ्या बरं का मालक, न्हाई म्हनू नका. गरिबाचा आहेर हाय."

सगळी हजामतीची रांग हसली. मीही हसलो. साबण गालावर होता म्हणून तोंड कसं झालं ते दिसलं नसेल.

दुपारी गावातली चार वजनदार माणसं दादाकडं आली. त्यातला एक म्हणाला, "मालक, मोटार तुमची. पन पेठ गावाची हाय."

दादा शांतपणे म्हणाला, "मी शब्द दिलाय. मोटार जाईल. बुवांची अट तेवढी मोडायची नाही. लोकर कोरडी पाहिजे." मंडळी उठून गेली. मग दादानं अंगणात उभ्या असलेल्या मोटारीकडं आणि मग वर आभाळाकडं बघितलं. आभाळ तापलेल्या तव्यासारखं होतं, ढगाचा एक ठिपका नव्हता.

"लई उकडतंय," तो म्हणाला. "वळीव यायचा एखाद्या वेळेस. गाडी बाहेरच असू दे." एवढं बोलून तो जुन्नरला निघून गेला.

त्यानं मला काही करायला सांगितलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हे वाक्य सांगत आलो, आणि दुसरं एक असं की आईच्या सोवळ्यासाठी मला ते करावं लागलं. दोन्ही बाजूला ठेवून आता खरं लिहितो. आईचं सोवळं माझ्या डोक्यात नव्हतं. दादाचीही भीती नव्हती. मला दिसत होती ती टावेल-टोपी. पेठेतून जाताना दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर उभे राहिलेले लोक, मागच्या बैठकीवर बाशिंग बांधून बसलेला तो, आणि पुढं चाकावर मी, त्याचा ड्रायव्हर. ज्याची पाटी मी लांबून उतरवून घ्यायचो त्याला दार उघडून द्यायला मी खाली उतरणार होतो. हे मला सोसवेना.

दिवेलागणीला अंगणात कुणी नव्हतं. गुरांच्या हौदातून मी बादल्या भरभरून आणल्या. वरून ओतलं असतं तर रस्त्यावरून दिसलं असतं, म्हणून गाडीत शिरलो आणि आतून टपावर पाणी मारत राहिलो. लोकर आधी पाणी घेईना. मग घ्यायला लागली ती थांबेना. खळ विरघळून पातळ पेजेसारखी माझ्या हातांवरून, बाह्यांवरून खाली आली. सगळ्या गाडीत ओल्या मेंढरांचा वास भरला. अंगावरचे कपडे मी त्या रात्री स्वतः धुतले. घरात कुणी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची पद्धत चांगली रुळलेली होती.

सकाळी तो स्वतः आला. हळद लागलेल्या नवरदेवानं असं एकट्यानं बाहेर पडायचं नसतं, पण तो आला. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार. वाजंत्री आणि बाकीची मंडळी वेशीशी थांबली होती. अंगणात आम्ही दोघंच.

मी म्हटलं, "टप ओला झालाय. मोटार नेता येणार नाही. बुवांची अट तुला ठाऊक आहे."

"काल पाऊस झाला?"

"झाला थोडा."

त्यानं आभाळाकडं बघितलं. मग अंगणाकडं. धूळ पायाखाली पिठासारखी मऊ होती. फक्त मोटारीच्या खाली चिखल होता. तो पुढं आला, दारातून हात आत घातला आणि टपाला आतल्या बाजूनं तळहात लावला. पाण्याची धार त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली आणि हळदीचा पिवळा ओघळ झाला. पाणी आत जास्त होतं. बाहेरची बाजू रात्रीच्या वाऱ्यानं सुकत आली होती.

"आतनं पडला व्हय पाऊस?" तो म्हणाला.

मी त्याच्या हाताकडं बघत होतो.

त्यानं हात धोतराला पुसला. मग म्हणाला, "बरं हाय, धाकले मालक." आणि गेला.

अंगणात तिसरं कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं वाजंत्री सुरू झाली. आवाज पेठेकडून आला नाही, नदीच्या वाटेनं लांब लांब गेला. आई ओट्यावर येऊन वाती वळत बसली होती. तिनं मान वर केली. "नदीकडनं कसे गेले? मोटार नाही नेलीस?"

"लोकर ओली झाली," मी म्हणालो. "पाऊस आला होता."

"पाऊस कधी आला?" ती म्हणाली. "मी तर मनाची तयारी केली होती. तुझ्या दादानं शब्द दिला होता, लोकरही घातली होती. आता जाऊ दे म्हटलं होतं." मग माझ्या तोंडाकडं बघून ती थांबली. पुन्हा वाती वळायला लागली. त्या दिवसापासून ती मला पावसाबद्दल काही बोलली नाही. पावसाळ्यातसुद्धा.

टप वाळायला दोन-तीन दिवस लागले. वाळला तेव्हा लोकर इतकी आटली होती की पुढच्या काचेपर्यंत पोचेना. मध्ये वीतभर फट राहिली. चाचाला बोलावलं. त्यानं टप ओढून बघितला, चाचपला, कमानीवर बोटं वाजवली.

"ही आता मागं यायची न्हाई," तो म्हणाला. "एवडं पानी टपानं एकदम कुठं पिलं?"

"पाऊस आला होता," दादा म्हणाला. मी नाही, दादा.

चाचानं एकदा दादाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "माझ्या नवाबाकडं असा पाऊस कदी झाला न्हाई," तो म्हणाला आणि फट बुजवायला पट्टी मागू लागला. शेवटी ती पट्टी मंचरच्या त्याच ताडपत्रीची लागली, जी हमालांच्या अंगावरची म्हणून परत गेली होती. आई पुढं पुष्कळ वर्षं बरोबर त्या पट्टीखाली बसून देवाला जात राहिली. कुणी काही म्हणालं नाही. पट्टीचा जोडही नीट बसला नाही. आषाढात घाटघरकडं गेलं की थेंब बरोबर दादाच्या पांढऱ्या टोपीवर पडायचे. तो टोपी काढून मांडीवर ठेवायचा, पाणी निथळू द्यायचा आणि बाहेर बघायचा. माझ्याकडं कधी बघितलं नाही त्यानं.

मित्रानं त्याच साली गाव सोडलं. बायकोला घेऊन खडकीला गेला, कारखान्यात लागला. पुढं त्याच्या वस्तीनंही धर्म बदलला आणि घरातले देव नदीत सोडले. मारुतीच्या देवळापर्यंत मोटारीनं जायची गरज त्यांना उरली नाही. गावातल्या काही मंडळींना याचं वाईट वाटलं. म्हणाली, आपण काय कमी केलं होतं यांना?

मोटार विकली. दादा गेला, आई गेली. मधे एकदा जुन्नरच्या एस.टी. स्टँडवर माझा तो मित्र भेटला. केस पांढरे, अंगात स्वच्छ बुशशर्ट, बरोबर मुलगा, कॉलेजात जाणारा. मी पुढं झालो. कित्येक वर्षं जुळवून ठेवलेलं एक वाक्य होतं माझ्याजवळ, ते तोंडापर्यंत आलं.

तो मुलाला म्हणाला, "हे आमच्या गावचे धाकले मालक." मुलानं हात जोडले. मग माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "औंदा पाऊसपानी कसं हाय तुमच्याकडं?"

त्याच्या तोंडावर काही नव्हतं. गावाकडचा माणूस भेटला की जे विचारतात ते त्यानं विचारलं होतं.

"बरं आहे," मी म्हणालो.

"मंग झालं," तो म्हणाला. त्यांची गाडी लागली. मुलगा आधी चढला, खिडकीपाशी जागा धरली आणि बापाला हाक मारली.